ब्रँड राहू दे, आधी एक वेणी घाल

"काकी, मी २९ वर्षांची, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे. घर सुभाषनगरला, बाबा कोल्हापुरी चपला करतात. मला त्यातच स्वतःचा ब्रँड काढायचाय. नाव ठरलंय, लोगो झालाय, भिंतीवर स्वप्नांच्या चित्रांचा व्हिजन बोर्ड लावलाय, सवय लावायचं २१ दिवसांचं चॅलेंज दोनदा घेतलं आणि दोनदा मधेच बारगळलं. आत्या म्हणते, एवढं शिकून परत चामड्यात हात घालणार का. मी आळशी आहे का?"

पोरी, आळशी अजिबात नाहीस. दिवसभर हिशोब बघून, हायवेचं ट्रॅफिक काढून घरी यायचं आणि वर लोगोवर रात्र घालवायची, हे आळशी माणसाचं काम नव्हे. पण तुझं पत्र दोनदा वाचलं तरी त्यात तू स्वतः केलेल्या एकाही चपलेचा उल्लेख सापडला नाही बघ.

गॅब्रिएले ओटिंगेन म्हणून जर्मन मानसशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. गोड चित्र नुसतं मनात रंगवत बसलं की मनाला वाटतं काम झालंच, आणि अंगातला जोर कमी होतो. तुझा बोर्ड मला त्यातलाच वाटतो. काढून कपाटात ठेव, फाडू नको.

आणि ते २१ दिवसांचं डोक्यातून काढ. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलेलं की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस जातात, त्याचंच पुढं लोकांनी चॅलेंज केलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या टीमनं ९६ जणांना घेऊन बघितलं, तर सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. म्हणजे तुझा दिवस चुकला तेव्हा काहीच मोडलं नव्हतं गं, तूच सोडून दिलंस.

आता असं कर. घरी आलीस, डबा घासायला टाकलास, की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बाबांशेजारी बसायचं. अर्धा तास, बास. अमुक झालं की तमुक करायचं असं पक्कं जोडून ठेवलं की रोज मूड आहे का नाही हा प्रश्नच येत नाही, डबा टाकला की पाय आपोआप तिकडं वळतात. आणि सुरुवातीला फक्त वेणी. चपलेवरच्या पट्ट्याची ती बारीक वेणी बाबा कशी घालतात, चामड्याच्या वाद्या किती ओलसर ठेवतात, ओढ दोन्ही बाजूंनी सारखी कशी ठेवतात, एवढंच बघायचं आणि रोज वीतभर घालायची. वाकडी आली तर सोडायची, परत घालायची. बाबा हसतील, हसू देत. वेणी एकसारखी यायला लागली की मग चामडं कापायची रापी हातात घे, त्यानंतर भोकं पाडायची आरी. अख्खी जोडी कधी होईल ते आत्ता विचारू नको. बाबांचे हात चालताहेत तोवर हे शिकून घे, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

आत्याशी भांडू नको. त्या पिढीनं या कामापायी लोकांची बोलणी ऐकलीत, तू खुर्चीवर बसावंस म्हणून त्यांनी खस्ता खाल्ल्यात, त्यांचं दुखणं खरं आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या बड्या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली तेव्हा जगभर गाजलं, पण तेही त्यांना ऐकवू नको, त्यानं त्यांचं समाधान व्हायचं नाही. नोकरी सोडत नाहीये एवढं स्पष्ट सांग. आणि खरंच सोडू नको, निदान आत्ता तरी.

रविवारी तासभर तुझ्या हातखंड्याचं काम. चामडं, तळ, मजुरी, एका जोडीला नेमका खर्च किती येतो ते एक्सेलमध्ये उतरव, बाबांनी आजवर सगळं तोंडीच ठेवलं असणार. आणि एक बघ, कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे ठराविक भागातल्याच मालाला ते नाव लावता येतं तो टॅग, मिळालाय, महाराष्ट्रातले आपले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी, त्यात कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. बाबांची झालीय का विचार. नसेल तर पुढचे दोन रविवार त्या कागदपत्रांत घाल, लोगोला हात लावायच्या आधी.

— काकी