हापूसवरचं बांडगूळ

प्रश्न: आमच्या जुन्या हापूस कलमावर बांडगूळ माजलंय. त्याची पानं हिरवीगार आहेत, मग ते झाडाचं खातं तरी काय? नुसतं ओरबाडून काढलं तर चालेल का?
– एक बागायतदार, राजापूर

उत्तर: ताई, अन्न ते स्वतःच्या पानांत तयार करतं, चोरतं ते पाणी आणि क्षार. सालीतून आत घुसलेली त्याची शोषकमुळं थेट आंब्याच्या जलवाहिन्यांना जोडलेली असतात. पानांतून ते आंब्यापेक्षा जास्त पाणी उडवतं, त्यामुळे ओढ त्याच्याकडेच राहते आणि पुढची फांदी वाळत जाते. (पिवळी अमरवेल मात्र तयार अन्नही ओढते.) जोडाची जागा नीट बघा, तिथे फांदीला फुगीर गाठ दिसेल. बी तिथे आणतो फुलटोच्या. हा चिमुकला पक्षी बांडगुळाचं फळ खातो, पण चिकट बी काही सुटत नाही. मग ते फांदीवर घासून पुसतो आणि तिथेच ते रुजतं. मला हा पक्षी फार आवडतो, त्याच्यावर राग धरू नका.

ओरबाडू मात्र नका, आतल्या अवशेषातून पुन्हा फुटतं. बांडगुळाची फळं पिकण्याआधी, गाठीच्या वीतभर खाली, खोडाच्या बाजूने फांदीच कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी.