गाळा घेण्याआधी

पोरी,

पत्र मिळालं. पाच जणांनी मिळून स्टुडिओसाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा घ्यायचा म्हणता, आणि तुला धास्ती ही की एका छताखाली बसून सगळ्यांची चित्रं एकसारखी दिसायला लागतील. मलाही पंचविशीत हेच वाटायचं. चित्रं काही एकसारखी होत नाहीत. लाइटबिल मात्र एकच येतं, आणि भांडण तिथून सुरू होतं.

आमचं तसंच झालं. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागच्या बाजूला आम्ही चौघं होतो. माझं एचिंग प्रेस, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर छापायचं यंत्र, दोघं तैलरंगवाले आणि एक मातीकाम करणारा. त्याची विजेची भट्टी होती. एका भाजणीला 40-50 युनिट सहज जायचे, आणि बिल चौघांत सारखं वाटलं जायचं. सहा महिने कुणी तोंड उघडलं नाही, कारण कलाकारानं पैशाचं बोलू नये असा आमचा एक खुळा समज होता. सातव्या महिन्यात बोललो, पण मीटरवर नाही. एकमेकांच्या रंगांवर, शिक्षणावर, कोण कुणाची नक्कल करतो यावर. वेगळा सबमीटर बसवला असता तर तो माणूस आजही माझ्याकडे चहाला आला असता.

म्हणून पहिल्या बैठकीत कलेचं काही बोलू नका. करार कुणाच्या नावावर, हे आधी ठरवा. एकटीच्या नावावर घेऊ नकोस, तू सगळ्यांत धाकटी आणि भिडस्त आहेस. अकरा महिन्यांचा असला तरी तो नोंदवलेला हवा. मालकाला विचारा की गाळा पोटभाड्यानं द्यायला त्यानं एमआयडीसीची परवानगी घेतली आहे का. तो हसेल आणि ‘इथे सगळे असेच देतात’ म्हणेल. हसू दे, तुम्ही कागद मागा. आणि पाचांतला एक बाहेर पडेल तेव्हा त्याचं डिपॉझिट कोण देणार, तेही लिहून ठेवा. बाहेर पडेलच एक. लग्न होईल, बडोद्याला जाईल, नाहीतर नोकरी लागेल.

तू भुलाभाई इन्स्टिट्यूटबद्दल लिहिलं आहेस. मुंबईत वॉर्डन रोडच्या त्या बंगल्यात गायतोंडे, हुसेन या चित्रकारांचे स्टुडिओ होते, तिथेच रविशंकरांची किन्नर संगीतशाळा, तिथेच दिग्दर्शक अल्काझींची नाटकं. ऐकलं की आजही हेवा वाटतो. पण जागा देणारं घर मोठ्या मनाचं होतं, म्हणून ते चाललं. आज तो बंगला नाही. याउलट चेन्नईजवळचं चोलमंडल हे कलाकारांचं गाव बघ. चित्रकार पणिक्करांच्या पुढाकारानं 1966 साली तिथल्या कलाकारांनी बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, आणि हस्तकलेच्या वस्तू विकून पैसे उभे केले आणि स्वतः जमीन घेतली. ते गाव अजून आहे. हुसेनच्या गोष्टी सगळे सांगतात, बाटिक विकल्याची गोष्ट कुणी सांगत नाही. मला तीच जास्त आवडते.

आता जागेविषयी. गाळ्याचं दार, जिन्याचं वळण आणि मालाची लिफ्ट, तिन्ही टेपनं मोजा. माझ्या एका सोबत्यानं पाच फूट बाय सात फुटांचं चित्र पूर्ण केलं आणि मग ते जिन्यात अडकलं. शेवटी स्ट्रेचरवरून, म्हणजे लाकडी चौकटीवरून, कॅनव्हास सोडवून, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावा लागला. रंग आत ठेवले तर ते दाबले जातात, म्हणून गुंडाळी नेहमी अशीच करायची. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात चुरगळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ठेवा, नाहीतर एकेक पसरून वाळवा. पावसाळ्यात ठाण्याची हवा कॅनव्हासच्या मागे बुरशी धरवते, तेव्हा चित्रं भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे दोन बोटं फट राहू दे. तुमच्यातला तो रेझिन वापरणारा मुलगा एक्झॉस्टच्या पंख्याखाली बसेल. यावर मत घ्यायचं नाही, सांगून टाकायचं.

आणि खालच्या मजल्यावर कोण आहे ते बघ. एमआयडीसीची सुरुवात 1962 साली याच इस्टेटीतून झाली. कारखाने पुष्कळ गेले, आयटीवाले आले, तरी गल्लीबोळांत लेथवाले, पावडर कोटिंगवाले, लाकडी पेट्या बनवणारे अजून भेटतात. माझ्या प्रेसचा रोलर वाकला तेव्हा कॉलेजातल्या कुणालाच दुरुस्तीची जागा ठाऊक नव्हती. खालच्या टर्नरनं दुपारच्या सुट्टीत तो सरळ करून दिला आणि मग दर गुरुवारी वर येऊन ‘आज काय छापलं?’ विचारू लागला. पहिल्या वर्षी माझ्या कामाकडे त्याच्याइतकं नीट कुणी बघितलं नाही. काळा कुठे कमी पडला, हे त्याला बरोबर दिसायचं. पुढे प्रदर्शनासाठी ठाण्याचं कलाभवन आहे, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची रांगही आहे, पण घाई कशाला? आधी इस्टेटीतल्या लोकांना वर बोलवा. चहा ठेवा, भाषण नको.

राहिला तुझा खरा प्रश्न. सोबत कशासाठी? मला विचारशील तर गप्प बसण्यासाठी. घरी एकटी असताना हात थांबला की मोबाईल उचलला जातो. शेजारी कुणी दोन तास खरवडत बसलेलं असलं की आपणही बसून राहतो, बस्स. आमच्याकडे एकच नियम टिकला होता: चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं असेल तर त्यावर कुणी बोलायचं नाही, विचारायचंही नाही. कधीकधी एखाद्याचं चित्र तीन-तीन महिने पाठमोरं असायचं. ते खोलीकडे वळवलं, की मात्र सगळे उठून यायचे आणि मग कुणी कुणाची भीड ठेवायचं नाही. हा नियम मोडला गेला तो त्या सातव्या महिन्यात.

मालक तुम्हाला सकाळी जागा दाखवेल, कारण तेव्हा ती छान दिसते. तू दुपारी चारला जा. पश्चिमेच्या खिडक्या असतील तर ऊन थेट ईझलवर येईल आणि पिवळा-पांढरा कळणार नाही. पडद्याचा खर्च भाड्यातून वळता करून घ्या. रविवारी मी मोकळी आहे. कामगार हॉस्पिटलपाशी थांब, टेप घेऊन येते.

तुझी,
मावशी

ता.क. प्रेस मी कुणालाच विकलेलं नाही. लिफ्टचं माप आलं की बोलू.