खेळकट्टा: भटक्या ड्वार्फचं ओझं आणि पाणी

या वेळी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळातल्या भटक्या ड्वार्फविषयीची (बुटक्या, दणकट जमातीच्या पात्राविषयीची) पत्रं घेतली आहेत. उत्तरं पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांनुसार आहेत.

प्रश्न: माझा हिल ड्वार्फ फायटर, स्ट्रेंग्थ (ताकद) १५. चेन मेल (कड्यांचं जड चिलखत), ढाल, बॅटलअ‍ॅक्स आणि एक्सप्लोरर्स पॅक (प्रवासी सामानाचा संच), एवढंच सामान. तरी डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो एका पाळीतली चाल २५ वरून १५ फूट. जड चिलखताने ड्वार्फची चाल घटत नाही ना?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: चिलखतामुळे घटत नाही, हे बरोबर. तुमच्या डीएमने बहुधा वजनाचा ऐच्छिक नियम लावला आहे. त्यात स्ट्रेंग्थच्या पाचपट, म्हणजे ७५ पौंडांवर गेलं की १० फूट कमी होतात. चेन मेल ५५, ढाल ६, कुऱ्हाड ४ आणि पॅक ५९, मिळून १२४ पौंड. साध्या नियमात मर्यादा पंधरापट, २२५ पौंड; तिथे ही भानगडच नाही. काही डीएम ड्वार्फपुरतं चिलखताचं वजन सोडून देतात, मग ६९ उरतात आणि चाल शाबूत राहते. आमच्या मते हेच न्याय्य. पण खेळ सुरू होण्याआधी ठरवून घ्या, लढाईच्या मध्यात नको.

डीएम ऐकत नसेल तर खेचर घ्या. किंमत ८ सुवर्णनाणी, ४२० पौंड वाहतं. पॅक त्याच्यावर टाकला की अंगावर ६५ राहतात. पाण्याची पखाल मात्र कमरेलाच ठेवा, ती ५ पौंड. उरलेल्या ५ पौंडांत जेमतेम २५० नाणी बसतात, कारण ५० नाण्यांचा एक पौंड. त्यामुळे गुहेतून खजिना घेऊन निघताना चाल पुन्हा ढासळते आणि मागून कोणीतरी धावत येतच असतं. खेचराला चरायला गवत नसेल तर रोज १० पौंड चारा लागेल, तोही हिशेबात धरा.

प्रश्न: आमचा नकाशा खऱ्या जिल्ह्यावर बेतला आहे. सातारा ते कराड, मग पूर्वेला माण तालुक्याकडे. ड्वार्फ हळू चालतो म्हणून दिवस जास्त धरायचे का? आणि तो इतका चिवट, तर तहानेचं काय?
– एक डीएम, सातारा

उत्तर: दिवस वाढवू नका. लांबच्या प्रवासाचा वेग सगळ्यांना सारखाच: साधारण चालीने ८ तासांत २४ मैल, म्हणजे साडेअडतीस किलोमीटर. कराड ५० किलोमीटर धरलं तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पोचतील. एकाच दिवसात गाठायचं म्हटलं तर नवव्या तासाला ११चा आणि दहाव्याला १२चा कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह, म्हणजे फासा टाकून तेवढा आकडा गाठायचा. हुकला की एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी.

खरी गोची पाण्याची. रोज माणशी एक गॅलन लागतं आणि पखालीत मावतं अर्धा गॅलन. उन्हाळ्यात गरज दुप्पट, म्हणजे एकट्या ड्वार्फला चार पखाली, २० पौंड. गरजेच्या निम्मंच प्यायलं तर दिवसाअखेर १५चा सेव्ह. निम्म्याहूनही कमी असेल तर सेव्ह नाही, पातळी थेट चढते. आधीच एक असेल तर दोन चढतात. सहावीला मृत्यू. ड्वार्फला मिळणारं ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून वरचा आकडा घेणं) विषापुरतं असतं, तहानेला ते लावू नका. त्याचा कॉन्स्टिट्यूशन +२ तेवढा कामी येतो. पारा ३८ अंशांवर गेला आणि प्यायला पाणीच नसेल तर दर तासाला सेव्ह, आणि चेन मेल घालून तो दोन फाशांतला खालचा आकडा घेऊन, म्हणजे डिसअ‍ॅडव्हांटेजने. माणच्या माळावर चिलखत खेचरावर लादलेलं बरं.

आउटलँडर बॅकग्राउंड (रानात वाढल्याची पार्श्वभूमी) असेल तर तो स्वतःसह आणखी पाच जणांचं अन्नपाणी रोज शोधतो. अट एवढीच की त्या भूमीत ते असायला हवं. कोयनेच्या जंगलात होकार द्या. मेमधल्या माणमध्ये नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न: ड्वार्फला अंधारात दिसतं, मग मशाली टाकून देऊ का?
– एक वाचक, वाई

उत्तर: सगळ्या नको. डार्कव्हिजनने ६० फुटांपर्यंत (२०२४च्या नियमांत १२०) मिट्ट काळोख अंधुक उजेडासारखा दिसतो, तोही रंगांशिवाय. अंधुक उजेडात नजरेच्या पर्सेप्शनला (हेरण्याच्या कौशल्याला) डिसअ‍ॅडव्हांटेज, पॅसिव्हमधून (फासा न टाकता धरायच्या आकड्यातून) ५ वजा. सापळा हुकतो तो इथेच. एक्सप्लोरर्स पॅकमधल्या दहातल्या चार ठेवा. एक मशाल तासभर जळते आणि २० फूट लख्ख उजेड देते.