सव्वादोन कोटी घ्यावेत, की सात कोटींसाठी कोर्टात जावं?

कोथरूडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 47, नवरा-बायको दोघं नोकरीत, महिन्याला हातात 1 लाख 90 हजार, घराचा हप्ता 46 हजार. वडील 2022 मध्ये गेले. मागे सदाशिव पेठेतला पणजोबांचा वाडा (आता तिथे इमारत आहे, घरच्या वाट्याचे तीन फ्लॅट आणि एक दुकान, अंदाजे 6 कोटी), वडिलांनी 1994 मध्ये विकत घेतलेली वाघोलीची जमीन (12 कोटी) आणि 3 कोटींचे शेअर, फंड, ठेवी. सगळं भावाला देणारं 2019 चं नोंदणीकृत मृत्युपत्र भावाने पुढे केलं आहे. तो म्हणतो, सव्वादोन कोटी घे आणि हक्कसोडपत्रावर सही कर. वकील म्हणतात, तिसरा हिस्सा म्हणजे 7 कोटी, सोडू नका. ताई विचारतात, राहत्या फ्लॅटवर आणखी 40 लाखांचं कर्ज काढून दावा लढवू का?

ताई, फ्लॅटला हात लावू नका. 40 लाख 10 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतलेत तर हप्ता 43 हजारांच्या आसपास बसेल. आधीचा धरून 89 हजार. दावा दहा वर्षं चालला तर या नव्या कर्जापोटीच 51 लाखांहून जास्त भराल, आणि निकालानंतर अपील असतंच. शिवाय वकिलांनी धरलेली 10 लाखांची कोर्ट फी तुम्हाला लागू होणार नाही. मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी राज्य सरकारची अधिसूचना 1 ऑक्टोबर 1994 ची आहे. ती त्यांना दाखवा.

आता 7 कोटी. मृत्युपत्र पूर्ण कोसळलं तर आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांना सारखा वाटा मिळतो. तेव्हा हा आकडा बरोबर आहे. पण ते टिकलं तर? वाघोलीची जमीन आणि गुंतवणूक वडिलांची स्वकष्टार्जित. ती कोणाला द्यायची हा त्यांचा अधिकार होता, त्यातलं तुमच्या हाती काही येत नाही. वाड्याचं वेगळं आहे. पणजोबांचा वाडा, आजोबा 1954 मध्ये गेले, आजी त्याआधी गेलेल्या, वडील एकुलते. म्हणजे तो वडिलोपार्जित धरता येतो. (वाडा आजोबांनी स्वतः घेतलेला असता आणि ते 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर गेले असते, तर तो वडिलांची स्वतंत्र मालमत्ता ठरला असता. अनेक घरं इथेच फसतात, म्हणून जुनी मिळकत पत्रिका काढाच.) वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून आहे, तो हक्क देणाऱ्या 2005 च्या दुरुस्तीवेळी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. वाड्यात वडील, आई, भाऊ आणि तुम्ही असे चार वाटे, आणि वडील मृत्युपत्राने फक्त स्वतःचा चौथा हिस्सा देऊ शकत होते. तुमचा चौथा हिस्सा, म्हणजे दीड कोटी, मृत्युपत्राने जात नाही.

तेव्हा तुमचा दावा दीड कोटी ते 7 कोटी यांच्यामधला आहे. कुठे, ते मृत्युपत्र किती पक्कं आहे यावर ठरेल. नोंदणी झाली म्हणून ते सिद्ध होत नाही. दोन साक्षीदार लागतात आणि त्यातल्या एकाला तरी कोर्टात साक्ष द्यावी लागते. पण तुम्हीच लिहिता की एक साक्षीदार तुमचे घरचे डॉक्टर आहेत आणि वडील शेवटपर्यंत भानावर होते. मी तरी ते टिकण्याची शक्यता 70 टक्के धरेन. त्या हिशेबाने (दीड कोटींचे 70 टक्के अधिक 7 कोटींचे 30 टक्के) दाव्याचं आजचं मोल सव्वातीन कोटींच्या अलीकडे येतं. त्यातून वकील, धावपळ, व्याज यांचे 50 लाख वजा करा. भावाचे सव्वादोन कोटी त्याहून कमी आहेत, पण अपमान वाटावा इतके कमी नाहीत.

भाऊ म्हणतो, फंडांवर नॉमिनी मी आहे, म्हणजे ते माझेच. हे चूक आहे. साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही, वारसा कायद्यानेच ठरतो. मृत्युपत्र पडलं तर हे पैसे तिघांचे. बोलणी करताना हे सांगा.

माझा कौल तडजोडीकडे आहे. 3 कोटी मागा, पावणेतीनला थांबा. रोख कमी पडत असेल तर वाड्याच्या जागेतला एक फ्लॅट आणि उरलेले फंड घ्या. पुण्याच्याच किर्लोस्कर घराण्यातला 2009 च्या कौटुंबिक करारावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा, 2021 मध्ये, न्यायालयाने मध्यस्थीचीच वाट सुचवली. तुमच्या बाबतीत तर भावाच्या घरी राहणाऱ्या आईला मुलाविरुद्ध किंवा मुलीविरुद्ध साक्षीला उभं राहावं लागेल. ती किंमत मी कुठल्याच आकड्यात धरलेली नाही.

वकिलांकडून भावाला नोटीस द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर शिवाजीनगर कोर्टात वाटपाचा दावा लावा आणि त्याची लिस पेंडन्स नोटीस (मिळकतीवर दावा चालू असल्याची सूचना) दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ती नोंदवली तरच पुढचा खरेदीदार निकालाला बांधला जातो, आणि वाघोलीला बिल्डर थांबलेले नसतात. याचा खर्च बचतीतून करा.

सही करताना पुढच्या तारखेचे धनादेश घेऊ नका. नोंदणीच्या दिवशीच पूर्ण रक्कम खात्यात आली पाहिजे. दस्तात गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि फोलिओ स्पष्ट हवेत. ‘आणि इतर सर्व मिळकती’ असे शब्द दिसले तर खोडायला लावा. तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यात आली तर उत्तम. मजकूर आधी सीएला दाखवा. खऱ्या कौटुंबिक वाटणीला न्यायालयांनी हस्तांतरण मानलेलं नाही, पण दस्त विक्रीसारखा लिहिला गेला तर आयकर खातं भांडवली नफा काढेल.

पैसे आले की गृहकर्ज फेडा. उरलेले एका बँकेत ठेवू नका, ठेव विमा एका बँकेत 5 लाखांपर्यंतच आहे. सहा महिने मोठी खरेदी नको.

मृत्युपत्राची नक्कल आणि वाड्याची मिळकत पत्रिका हाती आली की कळवा. त्यातून माझे 70 टक्के बदलले तर 3 कोटींचा आकडाही बदलून देईन.