ट्रेडमार्कची नक्कल बाहेरून येत असेल तर दोन देशांची कस्टम्स खाती एकमेकांना कळवतात का? आपण काय करायचं?

कळवतात, पण आपण नुसतं बसून राहिलो तर कुणी काही कळवत नाही. मी शिरोली एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आयात-निर्यातीची कागदपत्रं बघतो, त्यामुळे झळ लागलेल्याचं उत्तर समजा.

ट्रिप्स म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेच्या करारात नकली मालाबद्दल देशांनी एकमेकांना माहिती द्यावी, असं ६९वं कलम आहे. त्याच संघटनेच्या, २०१७ला लागू झालेल्या ट्रेड फॅसिलिटेशन (व्यापार सुलभ करण्याच्या) करारानुसार एका देशाचं कस्टम्स दुसऱ्याकडून निर्यातीच्या कागदांतला तपशील मागवू शकतं. मात्र आधी स्वतः पडताळणी करून, मग लेखी. म्हणजे पहिला संशय इथेच कुणाला तरी यायला हवा. न्हावा शेव्याच्या अधिकाऱ्यापुढून रोज ढीगभर कंटेनर जातात. तुमचा इंपेलर (पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक) खरा की खोटा हे त्याला कोण सांगणार?

तुम्हीच. आयात मालातल्या बौद्धिक संपदा हक्कांबद्दलच्या २००७च्या नियमांखाली कस्टम्सकडे ऑनलाइन नोंदणी करा. एकदा केली की देशातल्या सगळ्या बंदरांना चालते. ट्रेडमार्क, कॉपीराइट, डिझाइन, भौगोलिक मानांकन, सगळं त्यात बसतं; पेटंट २०१८ला वगळलं.

आम्ही पहिल्यांदा फक्त प्रमाणपत्र आणि लोगो चढवला होता. माल अडला, आणि आम्हालाच विचारणा झाली, हा नकली कशावरून? आमचा आणि अडलेला, दोन्ही इंपेलर टेबलावर ठेवून आम्ही तिघं नुसते बघत बसलो. रंग तोच, खोकंही तेच. शेवटी फौंड्रीतल्या एका जुन्या मोल्डर मामांना बोलावलं. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला न् म्हणाले, "हे नंतर ठोकलंय." आमची अक्षरं ओतकामातच उठून येतात, नकली मालावरची खोल गेलेली. आता हाच फरक जवळच्या फोटोंसकट नोंदणीत आहे.

हे सगळं आयातीपुरतं. माल जिथे विकता तिथे नक्कल होत असेल, तर त्या देशात ट्रेडमार्क घेऊन तिथल्या कस्टम्सकडे वेगळी नोंद करावी लागते. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ला मानांकन मिळालं, पण तो कागद भारतापुरताच.

माल अडवल्यापासून १० कामाच्या दिवसांत तुम्ही कारवाईत सामील व्हायचं, नाहीतर तो सुटू शकतो. रास्त कारण असेल तर आणखी १० मिळतात. बॉण्ड (लेखी हमी) आणि तारण द्यावं लागतं, त्याची तयारी आधी ठेवा. आणि नोंदणीत रोज मेल उघडणाऱ्या माणसाचाच पत्ता द्या. आमचा नोकरी सोडून गेलेल्या पोराचा होता. दहातले चार दिवस त्यातच गेले.