अ‍ॅबर्लेम्नोला जा, आणि क्रॉस बघून झाला की दगडाच्या मागे जा

तुमचा प्रश्न असा: मेअखेरीला मुलीकडे डंडीला येताय, फिरायला एकच मोकळा दिवस आहे, तर स्कॉटलंडमधले हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे कोरीव क्रॉस कुठे बघावेत? आणि फोटोत ते सगळे एकसारखेच दिसतात, मग त्यात बघायचं काय? मी डंडीतच राहतो आणि या दगडांपायी माझे पुष्कळ रविवार गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयोना आणि आयला ही नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. तिथले क्रॉस अप्रतिम आहेत, पण ती पश्चिमेकडची बेटं. डंडीहून एका दिवसात जाऊन येणं जमणार नाही. तुमच्यासाठी अ‍ॅबर्लेम्नो. फॉरफर आणि ब्रीखिन या दोन गावांच्या मधे, बी ९१३४ रस्त्यावर, अँगस परगण्यातलं छोटंसं गाव. डंडीहून गाडीने पाऊण तासाच्या आत पोचाल. इथल्या चर्चच्या आवारात साधारण २.३ मीटर उंचीची लाल वालुकाश्माची एक शिळा उभी आहे. आजूबाजूला अलीकडच्या शतकांमधली थडगी, आणि त्यांच्यात ही आठव्या-नवव्या शतकातली.

ती पिक्ट लोकांनी कोरली. फोर्थच्या खाडीच्या उत्तरेला राहणारे हे लोक. रोमन कागदपत्रांत त्यांचं नाव पहिल्यांदा इसवी सन २९७ मध्ये येतं आणि नवव्या-दहाव्या शतकात ते गेलिक राज्यात मिसळून जातात. त्यांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेलं जवळजवळ काही उरलेलं नाही, राजांच्या याद्या तेवढ्या आहेत. म्हणजे ते स्वतःला कसं बघत होते हे कळायला आपल्याकडे मुख्यतः दगडच आहेत.

आवारात शिरल्यावर आधी क्रॉस बघा. तो नुसता रेघांनी काढलेला नाही. भोवतालचा दगड खोल खणून काढून तो चांगला उठावदार केलाय. दांड्यावर आणि हातांवर दोऱ्यांची गुंफण आहे, आणि दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत एकमेकांत गुंतलेले, एकमेकांना चावणारे प्राणी. खालच्या बाजूला घोड्याच्या तोंडाचे दोन जलचर समोरासमोर आलेत. फोटोत हे सगळे क्रॉस सारखे का वाटतात याचं उत्तर इथेच आहे: फोटोत गुंफण म्हणजे नुसतं भरकाम दिसतं. तिथे उभं राहून एक काम करा. गुंफणीतला एकच पदर डोळ्यांनी धरा आणि तो सोडू नका. वरून, खालून, वरून, खालून असा तो फिरत जातो, आणि कोरणाऱ्याचा हिशोब चुकलेला नाही हे कळायला लागतं. रांगोळीत ठिपक्यांभोवती न तुटणारी रेघ फिरवणाऱ्या कोणालाही हे लगेच उमगेल. फरक एवढाच की इथे पुसून पुन्हा काढायची सोय नव्हती.

आता मागे जा. बरेच जण क्रॉससमोर फोटो काढून परत फिरतात आणि या शिळेवरची जगावेगळी गोष्ट त्यांची राहून जाते. मागच्या बाजूला अख्खी लढाई आहे.

सगळ्यात वर पिक्टांची दोन चिन्हं आहेत: एक खाच असलेला चौकोन आणि त्यावरून गेलेली झेडच्या आकाराची काठी, आणि शेजारी तीन चकत्या. अशी चिन्हं मुख्यतः फोर्थच्या उत्तरेकडच्या स्कॉटलंडमध्ये सापडतात, बहुधा जोडीने येतात आणि अजून कोणालाही निर्विवादपणे वाचता आलेली नाहीत. ती माणसांची नावं असावीत असं अनेक अभ्यासकांना वाटतं. चौकोनाच्या भागात दगडाला एक आरपार भोक दिसेल. ते मूळचं नाही, नंतर कोणीतरी पाडलंय.

चिन्हांच्या खाली लढाईच्या तीन ओळी. वरच्या ओळीत मोकळ्या लांब केसांचा एक घोडेस्वार शिरस्त्राण घातलेल्या दुसऱ्या स्वाराच्या मागे लागलाय, आणि पळणाऱ्याची ढाल-तलवार हातातून सुटलीय. खालच्या ओळीत दोन स्वार समोरासमोर, आणि उजव्या कोपऱ्यात एक माणूस पडलेला. त्याच्या तोंडावर पक्षी चोच मारतोय.

माझा जीव मात्र मधल्या ओळीत अडकलाय. तीन पायदळी सैनिक एका चाल करून येणाऱ्या स्वाराला तोंड देतायत. पुढच्याकडे तलवार आणि मधे फुगीर गोळा असलेली ढाल. त्याच्या मागच्याने आपली ढाल गळ्यात अडकवलीय, म्हणजे त्याचे दोन्ही हात मोकळे, आणि दोन्ही हातांनी धरलेला लांब भाला तो पुढच्याच्या ढालीपल्याड काढतोय. तिसरा भाला घेऊन मागे तयार उभा. घोडदळ अंगावर आलं तर पायदळाने कसं उभं राहायचं, याचा हा धडा आहे. कोरणाऱ्याने हे स्वतः पाहिलं असेल किंवा पाहिलेल्याकडून नीट समजून घेतलं असेल, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. ऐकीव लढाई कोरणारा माणूस ढालीच्या पट्ट्याचा विचार करत नाही.

ही लढाई कुठली? बऱ्याच ठिकाणी तुम्हाला ठाम उत्तर वाचायला मिळेल: २० मे ६८५, डन नेखतानची लढाई. त्या दिवशी पिक्टांचा राजा ब्रिडे याने दक्षिणेकडून चालून आलेल्या नॉर्थम्ब्रियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर इंग्लंडमधल्या राज्याच्या, एजफ्रिथ राजाला ठार केलं. बीड हा भिक्षू-इतिहासकार लिहितो की पिक्टांनी पळाल्याचं सोंग करून त्याला दुर्गम डोंगरांतल्या अरुंद वाटांत ओढलं आणि तिथे त्याच्यासकट बहुतेक सैन्य कापलं. तुम्ही त्याच तारखेच्या आसपास येताय. लढाईची जागा म्हणून जे डनिखेन गाव सांगितलं जातं ते अ‍ॅबर्लेम्नोपासून सरळ रेषेत जेमतेम ६-७ किलोमीटरवर आहे. शिवाय शिळेवरची शिरस्त्राणं, नाकावर उतरणारी पट्टी असलेली, १९८२ मध्ये यॉर्कला सापडलेल्या कॉपरगेट शिरस्त्राणाशी चांगलीच जुळतात, आणि ते आहे आठव्या शतकातलं नॉर्थम्ब्रियन. त्यामुळे शिरस्त्राणवाले नॉर्थम्ब्रियन, मोकळ्या केसांचे पिक्ट आणि कोपऱ्यात पडलेला तो एजफ्रिथ, अशी गोष्ट झकास जमते.

पण ती गोष्ट डोक्यात पक्की करून जाऊ नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. शिळेवर एक अक्षर नाही. ती लढाईनंतर किमान दोन-तीन पिढ्यांनी कोरलेली आहे. आणि २००६ मध्ये अ‍ॅलेक्स वुल्फ या इतिहासकाराने दाखवून दिलं की बीडचे ते दुर्गम डोंगर अँगसच्या या मोकळ्या, सुपीक भागाला लागू पडत नाहीत. लढाई खूप उत्तरेला, बॅडनॉखमधल्या डनॅख्टनला झाली असणं जास्त संभवतं. मला त्याचा युक्तिवाद पटतो. तरीही शिळेवर तीच लढाई असू शकते, कारण मोठा विजय लोक गावोगाव सांगतात. असू शकते, एवढंच म्हणता येतं.

इथे आईची एक गोष्ट सांगतो. ती माझ्याकडे आली होती तेव्हा तिला घेऊन गेलो. ती कोल्हापूरकडची, देवळाच्या आवारात वीरगळ बघत वाढलेली. मागच्या बाजूला आल्याबरोबर म्हणाली, "अरे, हा तर वीरगळ!" ओळींमध्ये मांडलेली लढाई, घोडे, ढाली, कोणालाही तेच वाटेल. मग ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पण मेलेल्याला न्यायला अप्सरा कुठायत?" तिने बरोबर नस पकडली. आपल्याकडे वीरगळ मेलेल्याचा असतो: खाली लढाई, वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलेला. अ‍ॅबर्लेम्नोला पडलेल्या माणसाला वर कोणी नेत नाही, त्याला पक्षी खातोय, आणि त्याच्या डोक्यावर शत्रूचं शिरस्त्राण आहे. ही शिळा पडलेल्याची आठवण ठेवत नाही, जिंकलेल्यांची ठेवते. देव आहे, पण तो दगडाच्या दुसऱ्या अंगाला.

आणखी एक गोष्ट मला या शिळेसमोर नेहमी आठवते. एजफ्रिथ मेला त्याच्या महिनाभर आधी, २३ एप्रिल ६८५ रोजी, त्याच्याच राज्यातल्या जॅरोच्या मठाच्या चर्चचं लोकार्पण झालं होतं. एजफ्रिथचं नाव कोरलेला लोकार्पणाचा दगड अजून तिथे आहे. पुढे त्याच मठाच्या (वेअरमाउथ आणि जॅरो मिळून तो एकच जोडमठ होता) प्रमुखाकडे पिक्टांचा राजा नेखतान याने दगडी चर्च बांधायला कारागीर मागितले, साधारण ७१० ते ७१५ च्या सुमारास. अ‍ॅबर्लेम्नोच्या क्रॉसवरची गुंफण आणि प्राणी नॉर्थम्ब्रियाच्या हस्तलिखितांतल्या नक्षीशी सख्खं नातं सांगतात. तेव्हा मागे लढाई खरोखर नॉर्थम्ब्रियाविरुद्धची असेल, तर ज्यांना हरवलं त्यांच्याकडून शिकलेल्या हाताने समोरच्या बाजूचा क्रॉस कोरला गेला. एकाच दगडाची ही दोन अंगं.

चर्चपासून थोडं चालत वर मुख्य रस्त्यावर गेलात की आणखी शिळा आहेत. त्यातली एक क्रॉसचीच, याहून उंच, दोन्ही बाजूंना पुस्तक धरून वाकलेले देवदूत आणि मागे शिकारीचं दृश्य. दुसरी क्रॉस यायच्या आधीची, बहुधा सहाव्या-सातव्या शतकातली: नाग, दुहेरी चकती, आरसा आणि कंगवा, सगळं साध्या खोदलेल्या रेघेत. हिच्या मागे वाकून बघा. खालच्या बाजूला वाटीसारखे उथळ खळगे आहेत, ते प्रागैतिहासिक. पिक्टांनी कोरायला घेतला तेव्हाच तो दगड कितीतरी जुना होता. आणि हे संपलेलंही नाही: २०२० मध्ये अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांना गावातच १.७ मीटर लांबीची चिन्हं कोरलेली आणखी एक शिळा सापडली. अकराव्या-बाराव्या शतकात कोणीतरी ती इमारतीच्या फरशीत घातली होती.

तशी फरशी झाली हेही बरंच म्हणायचं. उत्तरेकडच्या हिल्टन ऑफ कॅडबॉलच्या शिळेचा क्रॉस १६७६ मध्ये पार तासून काढला आणि त्या जागी एका गृहस्थाचं आणि त्याच्या तीन बायकांचं नाव कोरलं. ती शिळा आज एडिंबराच्या संग्रहालयात आहे. तासलेली बाजू बघवत नाही.

आता जाण्याबद्दल. मी पहिल्यांदा नोव्हेंबरमध्ये गेलो आणि लाकडी पेट्या बघून परत आलो. हा वालुकाश्म थरांचा असतो. थरांत पाणी शिरून गोठलं की पापुद्रे सुटतात, म्हणून हिवाळाभर शिळा झाकून ठेवतात. तुम्ही मेमध्ये येताय, तेव्हा उघड्या असतील. तरी हात लावू नका, गुंफणीवर बोट फिरवायचा मोह फार होतो. भर दुपारी गेलात तर उठाव सपाट दिसेल. मेअखेरीला इथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो, म्हणून दिवसा मीगलचं संग्रहालय करा: जुन्या शाळेत ठेवलेल्या २६ शिळा, एकीवर सिंहांच्या मधे उभा असलेला बायबलमधला डॅनियल. ते वर्षभर रोज उघडं नसतं, आधी तपासून घ्या. तिथून फॉरफर, खात असाल तर तिथली ब्रायडी, म्हणजे आपल्या करंजीच्या घाटाची खिम्याची, आणि मग सहानंतर अ‍ॅबर्लेम्नो. तिरप्या उन्हात त्या भाल्याची काठी वेगळी दिसते. ढग असतील तर, आणि असतीलच, एक टॉर्च ठेवा: दगडाला अगदी बाजूने धरला की ढालीचा पट्टासुद्धा वर येतो. दुसऱ्या हातात छत्री धरायला मुलीला सोबत न्या.