गेटपाशीचं हिरवं गवत

वाचकांचे प्रश्न : इमारतींची देखभाल

प्रश्न : नमस्कार काका. मी छत्तीस वर्षांचा आहे. तरसालीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो आणि अलकापुरीतल्या एका नऊ मजली कमर्शियल इमारतीत बारा वर्षं सुपरवायझर होतो. दिवाळीपासून मला फॅसिलिटी मॅनेजर केलंय. पगार थोडा वाढला, पण आता मीटिंगला बसावं लागतं आणि तिथे माझी जीभ अडखळते. मालक म्हणतात, काहीतरी सर्टिफिकेट घ्या, भाडेकरू कंपन्या विचारतात. बघायला गेलो तर महागडे कोर्स, सगळे इंग्रजीत. घरी दोन मुलं शिकतायत. सुरुवात कुठून करू?
एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : भाऊ, आधी अभिनंदन. पाना धरलेला हात त्या खुर्चीपर्यंत पोचला की मला मनापासून आनंद होतो. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देण्याआधी माझ्याकडून घडलेली एक चूक सांगतो. तुम्ही ज्या जागी आज आहात, त्याच जागी मी तेव्हा नवा होतो.

साल १९८९. सहा मजल्यांची इमारत, माझ्या हाताखाली अकरा माणसं. आगीच्या पाइपलाइनचा दाब कायम ठेवायला जो छोटा पंप असतो, जॉकी पंप, तो दर पाच-सात मिनिटांनी चालू व्हायचा, मिनिटभर चालून थांबायचा. पंपरूमला लागून ऑफिस होतं. तिथल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून ऑपरेटरने स्विच बंदवर टाकला. मोठा पंप मग दाब पडला की आपोआप सुरू होईल, म्हणून तोही मॅन्युअलवर. लॉगबुकात मात्र रोज 'ओके'. तीन पाळ्या, तीन सह्या, एकाच पेनाची शाई. खाली माझी सही. मी पंपरूममध्ये न जाता टेबलावर बसून सही करत होतो.

दोन महिन्यांनी ड्रिल झालं. तिसऱ्या मजल्यावर होज उलगडला, व्हॉल्व्ह फिरवला, फस्स करून हवा आली आणि पाण्याचा थेंब नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी खरी आग असती तर? हा विचार अजून मला रात्री जागं करतो.

शोधताना कळलं की गेटजवळ जमिनीखालच्या पाइपच्या एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, गळती होती. जॉकी पंप दोन महिने तेच सांगत होता. ज्या पंपाने तासात एखाद्या वेळेस, किंवा तेवढंही नाही, चालू व्हावं, तो तासाला दहा वेळा उठत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. आम्ही ऐकलं नाही, उलट त्याचं तोंड बंद केलं. आणि माळीकाकांना विचारलं तर ते म्हणाले, 'साहेब, मे महिन्यात गेटपाशी एवढं हिरवं गवत? मी तर कधीच पाणी घालत नाही तिथे.' त्यांना दोन महिन्यांपासून माहीत होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

तर भाऊ, सर्टिफिकेटच्या आधी एक दोनशे पानी वही घ्या. रोज सकाळी इमारत पायी फिरा, गच्चीवरच्या टाकीपासून बेसमेंटच्या संपपर्यंत, म्हणजे खालच्या टाकीपर्यंत, आणि फक्त आकडे लिहा. 'ओके' हा शब्द त्या वहीत नको. जॉकी पंप किती वेळा चालू झाला, हायड्रंटचा म्हणजे आगीच्या पाइपलाइनचा दाब किती, डीजीच्या म्हणजे डिझेल जनरेटरच्या बॅटरीचे व्होल्ट किती, कुठल्या मोटरने किती अँपिअर घेतले, एसीचं पाणी थंड करणाऱ्या चिलरला जाणारं आणि परत येणारं पाणी किती अंशांचं. लिफ्टचा कुठला मजला चुकला. पहिला महिना कंटाळा येईल. तिसऱ्या महिन्यात ती वही तुमच्याशी बोलायला लागेल, कारण अँपिअर आठवड्याआठवड्याला थोडे थोडे चढताना दिसले की बेअरिंग जाण्याच्या आधी तुम्हाला कळतं. आणि फिरताना झाडूवाली ताई, वॉचमन, माळी यांच्याशी थांबून बोला. इमारतीत सगळ्यांत जास्त वेळ तीच माणसं असतात.

मीटिंगमध्ये जीभ अडखळते म्हणालात. त्याचं औषधही त्याच वहीत आहे. मालकाला 'टाकी भरली की पंप थांबवणारा फ्लोट स्विच बदलायला हवा' म्हटलं तर तो पुढच्या महिन्यावर ढकलतो. तेच असं मांडा : वरची टाकी रोज ओसंडते, त्यामुळे साडेसात हॉर्सपॉवरचा पंप दोन तास जास्त चालतो. साडेसात एचपी म्हणजे ५.६ किलोवॉट. दोन तासांचे ११.२ युनिट, महिन्याचे ३३६. युनिट आठ रुपये धरलं तर महिना २,६८८ रुपये, आणि वाहून गेलेलं पाणी वेगळं. स्विच याच्यापेक्षा स्वस्त. हे सांगायला इंग्रजी लागत नाही, कॅल्क्युलेटर लागतो. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला ही सवय लावली आणि त्यानंतर माझा एकही प्रस्ताव दोनदा मांडावा लागला नाही.

आता आपल्या गावाची एक गोष्ट, जी कुठल्याच परदेशी कोर्सात सापडणार नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीने काय केलं ते तुम्ही पाहिलंत. करेलीबाग, समा, अकोटा, कित्येक ठिकाणी बेसमेंट गळ्यापर्यंत भरले. माझ्या भाच्याच्या सोसायटीत पंप, पॅनल, लिफ्टचा खड्डा, सगळं पाण्यात. पाणी उतरलं आणि दुसऱ्याच सकाळी कोणीतरी घाईने मेन स्विच वर केला. पंपाची वाइंडिंग तिथल्या तिथे जळली. माणूस वाचला हे नशीब. भिजलेली मोटर उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, दोन-तीन दिवस गरम हवेत सुकवून मेगर, म्हणजे इन्शुलेशन मोजायचं यंत्र, लावायचा असतो. आपल्या ४१५ व्होल्टच्या मोटरचं इन्शुलेशन एक मेगओहमच्या खाली दिसलं तर स्विचला हात लावायचा नाही. तुमची इमारत अलकापुरीत, रेल्वेखालचं गरनाळं भरलं की तुमच्या रस्त्याचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. म्हणून मे महिन्यात, कोरड्या डोक्याने, एक पान लिहून भिंतीवर लावा : पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन तिचा मेन बंद करायचा, कुठला फीडर, म्हणजे विजेची कुठली लाइन, कोण बंद करणार, डीजीचं डिझेल कुठे, चाव्या कोणाकडे. माणसांच्या नावांसह लिहा. एकदा सगळ्यांना घेऊन करून बघा. हे पान लिहिणं म्हणजेच फॅसिलिटी मॅनेजरचं शिक्षण, असं मी मानतो.

आता कागदाचं. तुमच्याकडे राज्याच्या विद्युत निरीक्षक खात्याचं वायरमन परमिट असेलच. सुपरवायझरचं प्रमाणपत्र नसेल तर आधी ते. कायद्याने कामाला येतं आणि खर्चही थोडा. त्यानंतर नॅशनल बिल्डिंग कोडच्या २०१६ च्या आवृत्तीतला बारावा भाग मिळवून वाचा. मालमत्ता आणि फॅसिलिटी सांभाळण्यावर आपल्या देशाच्या कोडात पहिल्यांदाच वेगळा भाग आला तो हा. अग्निशामक सिलिंडरांच्या देखभालीसाठी आयएस २१९०, अर्थिंगसाठी आयएस ३०४३. ही दोन्ही मानकं टेबलावर असू द्या. एएमसीवाला, म्हणजे वर्षाच्या देखभालीचं कंत्राट घेतलेला माणूस, येऊन 'सगळं बरोबर आहे' म्हणाला की त्यातलं पान उघडून त्याला दाखवायला सांगा. गुजरातेत लिफ्टसाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे, त्यातली मालकाची जबाबदारी तुम्हालाच मालकाला समजावून सांगावी लागेल.

परदेशी संस्थांपैकी इफ्मा ही फॅसिलिटी मॅनेजरांची संघटना १९८० पासूनची आहे. तिचं एफएमपी हे प्रमाणपत्र चार भागांत असतं : चालवणं आणि देखभाल, प्रकल्प, पैसा, नेतृत्व. तुमच्या भाडेकरू कंपन्या बहुधा हेच विचारत असतील, किंवा फॅसिलिटी मॅनेजमेंटच्या २०१८ सालच्या आयएसओ ४१००१ या मानकाबद्दल बोलत असतील. ते मानक संस्थेला मिळतं, माणसाला नाही, एवढं लक्षात ठेवा म्हणजे मीटिंगमध्ये गोंधळ होणार नाही. एफएमपी चांगलं आहे, पण माझं मत विचाराल तर यंदा नको. मालकाला कोर्स हवा आहे तर खर्च मालकाने करावा, आणि तो तुम्ही त्या वहीतल्या बचतीच्या आकड्यांवर मागावा. ऊर्जा व्यवस्थापकाची बीईईची (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची) परीक्षा मला त्याहून जास्त आवडते. पण तिला डिप्लोमा किंवा डिग्री लागते. 'सी टू डी'ने, म्हणजे सर्टिफिकेट टू डिप्लोमा योजनेने, आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. घरची जबाबदारी बघता नोकरी सोडून तिकडे जा असं मी म्हणणार नाही. मुलं मोठी झाली आणि मन झालं तर जरूर जा.

इंग्रजीची लाज मात्र सोडा. आपल्या याच गावात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, आणि रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांनी तिथे कापडाचं रंगकाम, यंत्रकाम लोकांच्या भाषेत शिकवायचा आग्रह धरला. मोटर मराठीत समजली तरी ती फिरतेच. रोज एक पान मॅन्युअल वाचा, अडलेला शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहा. वर्षाने ते पान भरलेलं असेल.

प्रश्न : मी करेलीबागेतल्या आमच्या ६४ घरांच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. आमचे सुपरवायझर नऊ वर्षं आहेत, प्रामाणिक आहेत. त्यांना एका सेफ्टी ट्रेनिंगला पाठवावं असं मी सुचवलं. कमिटीतले काही जण म्हणतात, शिकला की सोडून जाईल, पैसे वाया. तुम्हाला काय वाटतं?
एक वाचक

उत्तर : ताई, पाठवा. तो गेला तर नऊ वर्षांचं तुमच्या इमारतीचं ज्ञान जाईल ही भीती खरी आहे. पण शिकल्यामुळे सोडून गेलेले मी थोडे पाहिलेत. शिकल्यानंतर पगार तसाच ठेवला म्हणून गेलेले पुष्कळ. ट्रेनिंगच्या ठरावातच पगारवाढ लिहा.

एक विनंती मात्र हात जोडून. कुठल्याही ट्रेनिंगची वाट न बघता आजच ठरवा की तुमच्या सोसायटीत कोणीही माणूस ड्रेनेजच्या खड्ड्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरणार नाही. २०१३ च्या कायद्याने अशा जीवघेण्या कामाला माणूस उतरवणं गुन्हा आहे. पण मी कायद्यासाठी सांगत नाही. मी त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहिलोय. आत साठलेल्या विषारी वायूला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. 'आता वास गेला, उतर' असं वरून सांगणारा माणूस खालच्याचा जीव घेतो. आणि पहिला कोसळला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो, तोही जातो. बहुतेक वेळा दुसरा हा भाऊ असतो, किंवा मित्र. यंत्राची गाडी बोलवा, दोन दिवस वास सहन करा.

पिण्याच्या पाण्याच्या खालच्या टाकीलाही हेच. पेट्रोलवर चालणारा पंप टाकीत उतरवून पाणी उपसायचं नाही. त्याच्या धुराने बंद जागेत माणूस गप्प झोपतो आणि उठत नाही. पंप बाहेर ठेवा, झाकणं उघडून पंख्याने हवा खेळवा, वायू मोजण्याचं यंत्र असलेल्याच एजन्सीला काम द्या आणि वर एक माणूस दोरी धरून उभा ठेवा, ज्याला आत उतरायची सक्त मनाई आहे.

ट्रेनिंगमध्ये सुपरवायझरना शॉक बसलेल्या माणसाला सोडवणं आणि छाती दाबणं हाताने करून बघायला मिळतंय ना, ते विचारून घ्या. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच सेंटिमीटर खोल. फळ्यावर पाहून हे येत नाही. पुतळ्यावर घाम निघेपर्यंत करावं लागतं. जमलं तर सोसायटीच्या वॉचमनलाही त्याच दिवशी पाठवा, १०८ ला फोन लावून पत्ता नीट सांगण्याचा सराव त्यालाच जास्त लागणार आहे.

प्रश्न : माझं वय ५७. नव्या इमारतीत सगळं बीएमएसवर, म्हणजे इमारतीची यंत्रं सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवर आहे. पंचवीस वर्षांची मुलं स्क्रीनवर बोटं फिरवतात आणि मी मागे उभा असतो. आता शिकून उपयोग आहे का?
एक वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : आहे, दादा. बीएमएस म्हणजे तुम्ही चाळीस वर्षं हाताने घेतलेली रीडिंग, यंत्राने घेतलेली. स्क्रीनवर हवेचं तापमान २४ दिसतं. तो सेन्सर पँट्रीच्या दारावर बसवलाय की एसीच्या ग्रिलखाली, हे ओळखणारी नजर तुमच्याकडे आहे. त्या मुलांकडे ती अजून नाही. बीएमएस बसवणाऱ्या कंपनीचा माणूस पुढच्या सर्व्हिसला येईल तेव्हा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. ट्रेंड, म्हणजे रीडिंगचा आलेख, कसा काढायचा आणि अलार्मची मर्यादा कुठे बदलायची, एवढंच आधी विचारा. बाकीचं त्या मुलांकडून शिका आणि बदल्यात त्यांना रोज एकदा प्लांटरूममध्ये घेऊन जा, पंपावर हात ठेवायला लावा.

उद्याच बाजारातून एक साधा थर्मामीटर आणा. प्रत्येक मजल्यावर सेन्सरच्या शेजारी आठवडाभर टांगा, आणि स्क्रीनचा आकडा डावीकडे, थर्मामीटरचा उजवीकडे असं वहीत लिहा. दोन अंशांपेक्षा जास्त फरक कुठल्या मजल्यावर येतो ते मला कळवा.